खोली आणि खिडकी

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला घाटकोपरहून माझा भाचा मेट्रोने अंधेरीला आला. हा मुलगा लग्नसमारंभांचे फोटो काढतो. आज मुलुंडला हळद, उद्या घाटकोपरला वास्तुशांत, परवा कुर्ल्याला निकाह, असा त्याचा फिरता धंदा. चहा होईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "मामू, एक सल्ला हवाय. अम्मीनं दोन बांगड्या बँकेत ठेवून कर्ज काढलंय. त्या पैशात एक तर कॅमेऱ्याची नवी बॉडी येते, नाही तर एक चांगली लेन्स येते. दोन्ही येत नाहीत. काय घेऊ?"

मी म्हटलं, "अरे, मी कविता लिहिणारा माणूस. मला यातलं काय कळतं?"

"कळत नाही म्हणूनच विचारतोय," तो म्हणाला. "ज्यांना कळतं ते सगळे दुकानदार आहेत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बांगड्या आमच्या आईने माझ्या बहिणीला दिलेल्या. त्यांच्यावर उभा असलेला प्रश्न चहाच्या कपाबरोबर निकालात काढणं बरं नव्हतं. मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. मनात म्हटलं, पैसा थोडा आणि गरजा दोन, ही अडचण काही माझ्या भाच्यापासून सुरू झालेली नाही. कॅमेऱ्यावर पोट भरणारी माणसं या शहरात दीडशेहून अधिक वर्षांपासून आहेत. त्यांनी काय केलं ते पाहावं. त्या पंधरा दिवसांत जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी शब्दांकडे पाहू, कारण माझी गाडी तिथूनच सुटते. 'कॅमेरा' हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ खोली. हिंदी-उर्दूतला 'कमरा' हा त्याचाच भाऊ, पोर्तुगिजांच्या गलबतातून आपल्याकडे उतरलेला. म्हणजे कॅमेऱ्याची बॉडी ही मुळात एक अंधारी खोली. आणि 'लेन्स' म्हणजे लॅटिनमध्ये मसूर. दोन्ही बाजूंनी फुगीर भिंग मसुराच्या दाण्यासारखं दिसतं म्हणून ते नाव. अरबीतही तीच गंमत आहे. तिथे मसुराला 'अदस' म्हणतात आणि भिंगाला 'अदसा'. हजार वर्षांपूर्वी बसऱ्याला जन्मलेल्या आणि कैरोत राहून काम केलेल्या इब्न अल-हैथम या विद्वानाने 'किताब अल-मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात शिरतो, हे त्याने प्रयोगांनी मांडलं. त्यासाठी अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला छिद्र पाडून त्याने बाहेरचा उजेड आत घेतला. या अंधाऱ्या खोलीला अरबीत 'अल-बैत अल-मुझ्लिम' म्हणतात. त्यातल्या 'बैत' शब्दाचा अर्थ घर, आणि कवितेतली द्विपदी म्हणजेसुद्धा 'बैत'.

तेव्हा भाच्याचा प्रश्न सरळ मराठीत असा झाला : खोली मोठी घ्यावी की खिडकी चांगली बसवावी? मुंबईच्या उपनगरात जन्म काढलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

आता इतिहास. १८९६ साली दोन गोष्टी घडल्या. ७ जुलैला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि हिंदुस्थानाने पहिल्यांदा सिनेमा पाहिला. त्याच वर्षी जर्मनीत झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फ या माणसाने 'प्लॅनार' नावाच्या भिंगाची रचना केली. ल्युमिएरांचं यंत्र आज संग्रहालयात आहे. प्लॅनारची रचना मात्र अजून कामावर आहे. फोटोग्राफीचे विद्यार्थी ५० मिलिमीटरची जी स्वस्त आणि मस्त लेन्स पहिल्यांदा विकत घेतात, ती बहुतेक वेळा त्याच घराण्यातली असते. खोल्या कितीदा पाडल्या, कितीदा बांधल्या. खिडकीची घडण तीच राहिली. हे वाचलं आणि मला वाटलं, चला, उत्तर मिळालं. लेन्स घे म्हणावं. पण पुढे वाचत गेलो तसतसा हा उत्साह थोडा ओसरला.

कारण पुढे भेटले दादासाहेब फाळके. सिनेमाच्या वेडापायी पडद्याकडे आणि पुस्तकांकडे पाहून पाहून त्यांचे डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टर प्रभाकर यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले, तेव्हा दृष्टी परत आली. भारतीय सिनेमाच्या खर्चातलं पहिलं भिंग हे असं चष्म्याचं होतं म्हणायला हरकत नाही. पण नंतर १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दादासाहेब लंडनला गेले ते 'विल्यमसन' कॅमेरा आणण्यासाठी. लाकडी पेटी, हाताने फिरवायचा दांडा. परत आल्यावर कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो, हे त्यांनी रोज थोडं थोडं करून टिपलं आणि ती छोटी फिल्म दाखवून भांडवलवाल्यांचं मन वळवलं. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. सरस्वतीबाईंनी आपले दागिने त्यासाठी दिले होते. फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामंही त्या करत. दागिन्यांचा उल्लेख आला तिथे मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो. बहिणीच्या बांगड्या आठवल्या.

फाळक्यांपुढे बॉडी की लेन्स असा पर्यायच नव्हता. ज्याला खोलीच नाही त्याने खिडकीचा विचार कुठे करायचा? म्हणून पहिला धडा असा की खोली लागतेच. तिच्यावाचून नुसतं भिंग हे उन्हात कागद जाळायच्या कामाचं.

दुसरा धडा कोल्हापूरचा. बाबुराव पेंटर हे मूळचे मिस्त्री घराण्यातले. लाकूड आणि लोखंड दोन्ही त्यांच्या हातात. विलायती कॅमेरा परवडत नाही म्हणून १९१८ च्या सुमारास त्यांनी स्वतःचा कॅमेरा घडवला. विष्णुपंत दामले, म्हणजे पुढे 'प्रभात'चे झालेले दामलेमामा, त्यांच्या मदतीला होते. त्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' चित्रित झाला आणि १९२० साली पडद्यावर आला. कोल्हापूरच्या कारागिरांनी चाकं कापली, दाते बसवले, पेटी प्रकाशबंद केली. पण भिंगाची काच कोल्हापुरात होण्यासारखी नव्हती. देशात कुठेच नव्हती. भिंगासाठी लागणारी शुद्ध काच करण्याची विद्या आपल्याकडे कलकत्त्याच्या काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेने कमावली ती स्वातंत्र्यानंतर. कसबी मिस्त्री असेल तर पेटी कोणत्याही गावात उभी राहते. काचेपुढे मात्र हुशार माणसालाही हात टेकावे लागतात. त्यातली मेहनत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिची किंमतही चटकन पटत नाही.

म्हणजे तागडी पुन्हा लेन्सच्या बाजूला झुकली. तेवढ्यात १९३१ साल आलं.

१४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलू लागला. मूकपटाच्या काळात कॅमेरा कितीही खडखडला तरी कुणाचं बिघडत नव्हतं. आता तो खडखडाट नायिकेच्या संवादात मिसळू लागला. अर्देशिर इराणींचा स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता. गाड्यांचा आवाज नको म्हणून ते रात्री काम करत. या मंडळींना कुणी सांगितलं असतं की बॉडी जाऊ द्या, एक झकास लेन्स घ्या, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. कॅमेऱ्याचं यंत्रच निःशब्द व्हायला हवं होतं. जुनी खोली कितीही हवेशीर असली तरी तिच्यात आता संसार होण्यासारखा नव्हता. असे प्रसंग इतिहासात येतात. रोज येत नाहीत, पण येतात तेव्हा खिडकीची तावदानं पुसत बसण्यात अर्थ नसतो.

यानंतरची गोष्ट आपल्या उपनगरांची. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला 'बॉम्बे टॉकीज' सुरू केली. तेव्हाचं मालाड म्हणजे झाडी आणि मोकळी हवा. यंत्रं परदेशांतून आली आणि ती चालवणारी माणसं जर्मनीतून. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, कॅमेऱ्यावर जोसेफ विर्शिंग. म्युनिकचे हे विर्शिंग 'अछूत कन्या'च्या वेळी मालाडमध्ये होते. १९३९ साली युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारने या जर्मनांना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केलं. खोली सुटली, यंत्रं सुटली. युद्ध संपल्यावर विर्शिंग पुन्हा याच शहरात कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि १९४९ साली 'महल' आला. कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेला. 'महल'मधला तो अंधार, झोपाळा, खिडकीतून दिसणारी आकृती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मधल्या वर्षांत या माणसाच्या हातून सगळं गेलं होतं, नजर गेली नव्हती. बॉम्बे टॉकीज पुढे १९५० च्या दशकात बंद पडली. मालाडच्या त्या जागेला लोक बॉम्बे टॉकीज कंपाउंड म्हणतात आणि तिथे छोटे छोटे कारखाने उभे राहिले. विर्शिंगनी काढलेली छायाचित्रं मात्र २०१७ साली गोव्याच्या एका प्रदर्शनात लोकांसमोर आली.

मालाडहून आता गुरुदत्तांकडे येऊ. १९५१ साली 'बाजी'च्या चित्रीकरणात व्ही. के. मूर्ती हे सहायक कॅमेरामन होते. त्यांनी सुचवलेला एक अवघड शॉट गुरुदत्तांनी त्यांनाच घ्यायला लावला आणि पुढच्या 'जाल'पासून ही जोडी जमली. गुरुदत्तांना माणसाचा चेहरा जवळून पाहण्याची ओढ होती. इतर लोक ५० मिलिमीटरच्या लेन्सवर क्लोजअप घेत तेव्हा त्यांनी ७५ आणि १०० मिलिमीटरच्या लेन्स लावायला सांगितल्या. अशा लेन्सने चेहरा पुढे येतो, मागची दुनिया धूसर होऊन मागे सरते. पुढे सिनेमावाले अशा शॉटला 'गुरुदत्त शॉट' म्हणू लागले. 'प्यासा'तल्या कवीचं एकटेपण आपल्याला इतकं जवळचं का वाटतं, याचं थोडं श्रेय त्या लांब भिंगांना द्यायला हवं.

मग १९५९ साली 'कागज के फूल' आला. हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. सिनेमास्कोप म्हणजे नेमकं काय? नवा कॅमेरा नव्हे. कॅमेरा नेहमीचाच, फिल्मची पट्टी नेहमीचीच ३५ मिलिमीटरची. बदलतं ते फक्त भिंग. हे भिंग रुंद दृश्य आडवं दाबून निम्मं करतं आणि त्या अरुंद चौकटीत बसवतं. थिएटरमध्ये प्रोजेक्टरवरचं दुसरं भिंग ते पुन्हा उलगडतं. आंरी क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही युक्ती १९२० च्या दशकात काढली होती. वीस-पंचवीस वर्षं ती जवळजवळ पडूनच राहिली. टेलिव्हिजनने अमेरिकन थिएटरं ओस पडू लागली तेव्हा फॉक्स कंपनीला तिची आठवण झाली आणि १९५३ साली 'द रोब' निघाला. केवळ काच बदलून पडदा जवळजवळ दुप्पट रुंद झाला. मूर्तींनी त्या रुंद पडद्यावर रिकाम्या स्टुडिओचा अंधार पसरवला आणि छतातून उतरणारा तो प्रसिद्ध प्रकाशझोत आरशांच्या साहाय्याने थेट सूर्याकडून मागून आणला. चित्रपट पडला. मूर्तींना फिल्मफेअर मिळालं. अर्धशतकानंतर २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. तो मिळवणारे ते पहिले कॅमेरामन.

आता जी गोष्ट सांगतो ती आमच्या मोहल्ल्याची. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला कमाल अमरोहींचा 'कमालिस्तान' स्टुडिओ होता. लहानपणी आम्ही त्याच्या भिंतीवरून आत डोकावत असू. आमच्या चाळीत एक चाचा राहायचे, ते स्टुडिओत लाइटमन होते. 'पाकीजा'च्या भिंगाची गोष्ट मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकली, नंतर अनेक ठिकाणी वाचली. चित्रपटवाल्यांत ती आजही सांगितली जाते. 'पाकीजा'ला सुरुवात झाली १९५६ च्या सुमारास, कृष्णधवल रंगात. मग रंगीत फिल्म आली, मग सिनेमास्कोप आला आणि अमरोहींनी दर वेळी काम नव्याने मांडलं. कॅमेऱ्यावर पुन्हा आपले विर्शिंग. गोष्ट अशी की सिनेमास्कोपचं भिंग एका परदेशी कंपनीकडून भाड्याने आणलं होतं. थोडं चित्रीकरण झाल्यावर अमरोही म्हणाले, भिंगाचा फोकस चुकतोय. कंपनीने तपासलं, काही दोष नाही म्हणाली. अमरोही हटेनात. पुन्हा तपासणी झाली तेव्हा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी चूक सापडली. कंपनी इतकी खजील आणि इतकी खूश झाली की तिने भाडं माफ केलं आणि भिंग अमरोहींना भेट दिलं.

चाचा ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी म्हणायचे, "बेटा, शीशा सब के पास था, शक सिर्फ उन के पास था." मला ही गोष्ट आवडते ती त्या शंकेसाठी. मी कवितेतला शब्द बदलताना असाच कुरकुरतो आणि घरचे म्हणतात, चांगला तर आहे. विर्शिंग १९६७ साली गेले. बाकीचं काम इतर कॅमेरामननी पुरं केलं आणि ४ फेब्रुवारी १९७२ रोजी 'पाकीजा' मराठा मंदिरला लागला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३१ मार्चला, मीनाकुमारीही गेल्या. पडद्यावर जे राहिलं ते त्या भिंगातून आलेलं.

श्रोतेहो, एवढं सगळं गोळा करून मी भाच्याला बोलावलं आणि तास-दीड तास ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "मामू, हे सगळं रोलच्या जमान्यातलं आहे." आणि त्याने जे सांगितलं त्याने माझ्या व्याख्यानाची निम्मी हवा गेली.

तो म्हणाला, रोलच्या काळात बॉडी म्हणजे खरोखरच नुसती अंधारी पेटी होती. चित्र उमटायचं फिल्मवर आणि फिल्म दर वेळी नवी यायची. कोडॅकने चांगली फिल्म काढली की तुमच्या बापाच्या जुन्या कॅमेऱ्यातही ती चालायची. म्हणून 'लेन्सवर पैसा घाला' हे जुन्या लोकांचं म्हणणं तेव्हा सोळा आणे खरं होतं. डिजिटलमध्ये फिल्मच बॉडीच्या आत कायमची बसवलेली आहे. बॉडी घेता तेव्हा पुढच्या कित्येक वर्षांची फिल्म एकदम विकत घेता. ती जुनी झाली की झाली. आणि लेन्स जन्मभर टिकते हेही अर्धसत्य. निकॉनने १९५९ साली काढलेली लेन्स बसवायची खाच जवळजवळ साठ वर्षं सांभाळली, पण कॅननने १९८७ साली आपली खाच बदलली आणि लोकांच्या जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांना बसेनाशा झाल्या. २०१८ साली बिनआरशाचे कॅमेरे आणताना दोघांनीही नवी खाच काढली. जुन्या लेन्सला मध्ये जोड लावावा लागतो.

"आणि मुंबईचा पावसाळा?" तो म्हणाला. मागे त्याने एक जुनी लेन्स स्वस्तात घेतली होती. दुकानात दिव्याखाली ती छान दिसली. घरी येऊन टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. फंगस. जुलैत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो. बंद कपाटात, कातडी पिशवीत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेपच खाऊन टाकते. लेन्स ठेवायची जागा चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत कोरडी हवी. त्यासाठी हवाबंद डबा हवा, सिलिका जेलच्या पुड्या हव्यात, त्या वेळच्या वेळी तापवून वाळवायला हव्यात. म्हणजे खिडकी नुसती बसवून भागत नाही, ती राखावी लागते.

मी विचारलं, "मग नवी बॉडी तुला नेमकी कशासाठी हवी आहे?"

आधी तो म्हणाला, गिऱ्हाईक विचारतं कोणता कॅमेरा आहे. मग म्हणाला, पिक्सेल. म्हणून आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. त्याच्या अल्बमचं पान १२ बाय १८ इंचांचं. उत्तम छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर ३६०० गुणिले ५४००, म्हणजे सुमारे १ कोटी ९४ लाख ठिपके. त्याच्या जुन्या कॅमेऱ्यात २ कोटी ४० लाख होते. पिक्सेलचा प्रश्न तिथेच मिटला. मग तो थोडा वेळ गप्प राहिला आणि त्याने खरं कारण सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एका घरच्या मेहंदीचे फोटो त्याच्या कार्डातून उडाले. त्याच्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसतं. मुलीच्या आजीचे ते अखेरचे फोटो होते. पैसे परत केले, माफी मागितली, पण त्या घराच्या गल्लीतून तो अजून जात नाही. "निकाह रिटेक होत नाही, मामू," तो म्हणाला. "दोन कार्डांची बॉडी असती तर ते फोटो राहिले असते."

मला अर्देशिर इराणी आठवले. ही भीती लेन्सने जाण्यासारखी नव्हती. इथे खोलीलाच भेग होती.

मग मी दुसरा प्रश्न विचारला, "आणि असा कोणता फोटो आहे, जो तुला दिसतो पण काढता येत नाही?" याला त्याला विचार करावा लागला नाही. म्हणाला, हॉलमध्ये सगळा उजेड स्टेजवर असतो. खरी माणसं मागे अंधारात असतात. त्यांचा फोटो घ्यायचा तर फ्लॅश मारावा लागतो आणि फ्लॅश मारला की चेहरा बदलतो. त्याची कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स त्या अंतरावर एफ ५.६ पर्यंतच उघडायची. एफ १.८ पर्यंत उघडणारी लेन्स तिच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते.

इथे आम्हाला उत्तर सापडलं आणि ते एका बाजूचं नव्हतं. बॉडीची किंमत दर वर्षी उतरते, हेच आमच्या पथ्यावर पडलं. दुसऱ्या कुणी नव्या मॉडेलच्या मोहात विकलेली, दोन कार्डांची, त्याच कंपनीची आणि त्याच खाचेची जुनी बॉडी त्याने फोर्टमधल्या बोरा बाजारात घेतली. तिच्यात थोडेच पैसे गेले. उरलेले जवळजवळ सगळे एफ १.८ च्या ८५ मिलिमीटरच्या नव्या लेन्सवर घातले. ८५ म्हणजे गुरुदत्तांच्या ७५ आणि १०० च्या मधली, एवढं मी त्याला सांगून ठेवलं.

सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरातलं कुणी हा प्रश्न घेऊन आलं, तर त्याला आधी हे दोन प्रश्न विचारा : काम कुठे बंद पडतं? आणि दिसतं पण टिपता येत नाही असं काय आहे? पहिल्याचं उत्तर असेल तर खोलीची डागडुजी आधी करावी, ती जमेल तितक्या स्वस्तात. दुसऱ्याचं उत्तर असेल तर काचेत हात आखडू नये. आणि दोन्हींचं उत्तर नसेल तर तूर्त पैसे बँकेत ठेवावेत आणि आहे त्या कॅमेऱ्याने फोटो काढावेत. बाबुराव पेंटरांना त्याहून कमी मिळालं होतं.

नोव्हेंबरात घाटकोपरच्या एका हॉलमध्ये निकाह होता. दुसऱ्या दिवशी भाचा फोटो दाखवायला आला. स्टेजवरचे फोटो सगळे नेहमीसारखे. त्यात एक वेगळा होता. पडद्यापलीकडून मुलीने 'कबूल है' म्हटलं त्या क्षणी तिचा बाप सगळ्यांच्या मागे, खुर्च्यांच्या रांगेशेजारी, जेवणाच्या हॉलच्या दाराला टेकून उभा आहे. हातात कसलीशी पावती आहे, बहुधा केटररची. तो मान वर करून ऐकतो आहे. फ्लॅश नाही, म्हणून त्याला कळलं नाही की कुणी पाहतं आहे. तो फोटो दोन्ही कार्डांवर आहे, हे भाच्याने मला दोनदा सांगितलं.

माझी बहीण तेव्हा तिथेच होती. तिने फोटो बराच वेळ पाहिला. मग मुलाला म्हणाली, "चांगला आहे. हप्ता भरलास का?"

लेन्सचा हवाबंद डबा तिच्याच कपाटात असतो. पुड्याही तीच वाळवते. बांगड्या अजून बँकेतून सुटायच्या आहेत. सात हप्ते राहिले आहेत.